शकुनाच्या तारा

डॉक्टरांना वाटायचं, निसर्ग आपल्या घरचा गडी आहे. सांगू तसा चालेल. प्लास्टिकच्या पातळ पडद्यात त्यांनी एक भोक पाडलं होतं, केसाच्या रुंदीत अशी हजारो मावतील एवढं. एका बाजूला रुंद, दुसरीकडे निमुळतं, नरसाळंच म्हणा. पडद्याच्या दोन्हीकडे मिठाचं पाणी आणि त्यात वीज सोडून प्रवाह मोजायला चांदीची एकेक तार. आयन, म्हणजे मिठाचे विद्युतभार असलेले कण, एका दिशेने भराभर जावेत आणि उलट येताना अडावेत, यासाठी सगळा खटाटोप. आकडेही अगदी तसेच येत होते. डॉक्टर ते जिन्यात गाठून लोकांना ऐकवत. दातदुखीने गाल धरून चाललेल्यालाही सोडत नसत.

बायको त्याच प्रयोगशाळेत. शिक्षण तेवढंच, तोरा नाही.

"अहो, पडदा एकदा उलटा लावून बघा. जास्त प्रवाहाची दिशाही उलटली, तरच ते भोकाचं काम."

"पोटच्या पोराची कुणी ओळखपरेड घेतं का?"

"पोर शेजाऱ्यासारखं दिसायला लागलं की घ्यावी. आणि त्या तारा बदला. एकीवरचा क्लोराइडचा मुलामा पार उडालाय."

"याच तारांनी यश दिलंय. शकुनाच्या आहेत."

एवढे शिकलेले गृहस्थ. तारांना नवस बोलायचे तेवढे राहिले होते.

मग खोल्या वाटून देणारी समिती आली. प्रयोग पटला तर पलीकडची खोली डॉक्टरांची, नाहीतर बॅटरीवर काम करणाऱ्यांची. बायकोने सकाळीच नव्या तारा मुलामा देऊन ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी त्या बाजूला सारल्या.

समितीतल्या बाईंनी आकडे पाहिले, चष्मा पुसला. "पडदा फिरवा."

डॉक्टरांनी ऐटीत फिरवला. जास्त प्रवाह ढिम्म, आधीच्याच दिशेने. म्हणजे इतके दिवस दिशा ठरवत होती ती टक्कल पडलेली तार.

"हवा दमट आहे आज," डॉक्टर म्हणाले.

बायकोने नव्या तारा जोडल्या आणि पडदा दोन्ही बाजूंनी लावून दाखवला. या वेळी दिशा उलटली. फरक मात्र अगदीच किरकोळ.

"थोडा आहे, पण खरा आहे," बाई म्हणाल्या. "यावर पुढे काम करणार असाल, तर खोली घ्या."

डॉक्टरांनी आकड्याकडे पाहिलं, ताटात कुणी उष्टं वाढावं तसं. "एवढ्याशासाठी मी बसलेलो नाही."

"मी बसते," बायको म्हणाली.

खोली तिला मिळाली. डॉक्टर अजून जिन्यात लोकांना गाठतात. जुन्या तारा खिशात असतात. विचारलं नाही, तरी दाखवतात.