काकांच्या शेजारचा प्लॉट

काकांनी सुचवलेल्या प्लॉटमध्ये काहीतरी खोट आहे, असं आईला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. मलाही वाटत होतं, पण मी ती खोट कागदांत शोधत होते.

बाबा तेव्हा नुकतेच इराकहून कायमचे परत आले होते. तिथे पुलांच्या कामावर ते वेल्डर होते. इराणशी चाललेली लढाई लांबत गेली, कंपनीनं माणसं परत पाठवायला सुरुवात केली, आणि बाबा एक मोठी बॅग, एक टेपरेकॉर्डर आणि उन्हानं काळवंडलेला चेहरा घेऊन घरी आले. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. समोर वेल्डिंगचं दुकान, मागे घर, आणि पुन्हा कुठे जायचं नाही. पण हे घर कुठे बांधायचं, ते ठरत नव्हतं.

रामाकोना आमचं गाव. तिथे बाबांचे भाऊ होते, पण तिथे ग्रिल आणि गेट करून घेणारं कोण होतं? लोधीखेड्याला आईचं माहेर, आणि सासरवाडीत घर बांधायचं म्हटलं की बाबा विषय बदलायचे. माझ्या शिक्षणासाठी आम्ही सौंसरला भाड्यानं राहत होतो, तिथेच राहावं असं आईला वाटायचं. बाबांचं मन मात्र पांढुर्ण्यावर बसलं होतं. पांढुर्णा रेल्वेच्या मोठ्या लाईनवर. संत्र्याचे व्यापारी, ट्रक, गोदामं. प्रत्येकाला शटर लागतं, असं ते म्हणायचे.

आणि पांढुर्ण्याला काका होते.

काका म्हणजे बाबांचे तिकडचे मित्र. ते डंपर चालवायचे. कॅम्पच्या मेसमध्ये एक दिवस कुणीतरी आचाऱ्यावर ओरडलं, "अबे काय करून राहिला, भात जळून राहिला नं!" बाबा हातातलं ताट तसंच ठेवून त्या आवाजाकडे गेले. 'करून राहिला' म्हणणारा माणूस आपल्याकडचाच असणार. पुढे दोघं एका खोलीत राहिले. बाबांना कावीळ झाली तेव्हा काकांनी त्यांचे कपडे धुतले. ताटं कमी पडली तर एका ताटात जेवले. ही गोष्ट बाबांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली होती की ताटाचा उल्लेख आला की आई उठून कामाला लागायची.

"तिकडं कोन कोनाले पाहाले होतं?" ती म्हणायची. "इथं पाहाले सगळं गाव हाय."

आम्ही बौद्ध. रामाकोन्यात आमची घरं गावाच्या एका टोकाला होती, आणि सौंसरलाही आम्ही आमच्याच मोहल्ल्यात राहत होतो. काकांचं घर पांढुर्ण्यात, शेतकरी जातीच्या लोकांच्या वस्तीत, अगदी मधोमध होतं. त्यांच्या भिंतीला लागून एक प्लॉट रिकामा होता आणि मालक तो काकांच्या शब्दावर बाबांना द्यायला तयार होता. आईला हेच पटत नव्हतं.

"आपल्याले कोन देते बाप्पा गावाच्या मधात जागा? अन् तेही बोलावून?"

"दोस्त हाय माझा," बाबा म्हणायचे.

"दोस्त तुमचा हाय. मोहल्ला कोनाचा हाय?"

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेलं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे कागद म्हटले की ते माझ्या हातात यायचे. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तसं सांगायची लाज वाटायची. कॉलेजातल्या एका सरांना विचारून मी शिकून घेतलं: खसरा नंबर, म्हणजे जमिनीचा सर्व्हे नंबर, जुळतो का बघायचं, मालकाच्या भावांच्या सह्या आहेत का बघायचं, जागेवर कर्ज आहे का विचारायचं. तहसीलमधल्या बाबूला मी इतके प्रश्न विचारले की तो म्हणाला, "बाई, तुम्ही घेऊन राहिल्या का विकून राहिल्या?" कागद अगदी स्वच्छ निघाले. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझा शक वाढला. इतकी सरळ जागा आमच्या वाट्याला का यावी?

शेवटी एका रविवारी आम्ही तिघं पांढुर्ण्याला गेलो. प्लॉट पाहायचा, काकांकडे जेवायचं, आणि पसंत पडलं तर मालकाला बयाणा द्यायचा, असं ठरलं होतं.

काका बसस्टँडवरच उभे होते. घर कुठे आहे हे त्यांनी बाबांना आधीच नीट सांगून ठेवलं होतं, तरी ते घ्यायला आले होते. चालता चालता त्यांनी आईला सांगितलं, "वहिनी, आईले ऐकू कमी येते. ते काही इचारन तर नुसतं हो म्हना."

आईनं माझ्याकडे पाहिलं.

प्लॉट चांगला होता, हे मान्य करावं लागेल. एका बाजूला काकांची भिंत, दुसऱ्या बाजूला संत्री भरायचं शेड. तिथे पेट्या ठोकणं चालू होतं आणि संत्र्यांखाली घालायच्या तणसाचा ढीग पडला होता. बाबा प्लॉटच्या मधोमध उभे राहून हात पसरून दुकान कुठे येईल ते दाखवत होते. इतक्यात शेजारचे एक गृहस्थ कुंपणापाशी आले. "पाहुणे कोणीकडचे?" त्यांनी विचारलं. बाबांनी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "सौंसरचे. घाईत हायेत." आणि आम्हाला घरात घेऊन गेले. घाई आम्हाला अजिबात नव्हती.

काकांची आई दारातच उभी होती. बारीक, ताठ, डोक्यावर पदर. तिनं आईचा हात धरला.

"बाहेर कायले बसते वो बाई? आत ये. तू लाट, मी भाजतो. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही माझ्या, लवकर आटोपू."

आई क्षणभर उंबऱ्यावर थांबली. मग आत गेली आणि चुलीजवळ बसली. मी तिच्या मागे. अशा घराच्या चुलीपर्यंत आम्ही कधी गेलो नव्हतो. इतक्या सहज बोलावलं गेलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं, पण मी भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी पाहत अंग चोरून बसले. मी आईच्या कानात हळूच म्हणाले, "पीठ संपत आलं."

"डब्यात हाय पोरी, तुझ्या मागं," म्हातारी तव्याकडे पाहत म्हणाली.

म्हणजे कान चांगले होते. मग काका खोटं का बोलले?

"कॉलेजात शिकते म्हंते तुमची पोरगी?" म्हातारीनं आईला विचारलं.

"हो."

"मंग पोरगं पाहा लागन आता. आपल्यातलं एक हाय माझ्या नजरेत. माझ्या बहिनीच्या जावेचं पोट्टं. संत्र्याचा बगीचा हाय. जरासं बुटकं हाय, पन बगीचावाल्याची उंची कोन पाहाते?"

आईचं लाटणं थांबलं. "आपल्यातलं म्हंजे?"

"आपल्या जातीतलं, अजून कोनतं? तुमचं आडनाव आयकलं तवाच म्या म्हटलं, हे तर आपलेच लोक. माझ्या मामेभावाची सून तुमच्याच आडनावाची हाय."

आमचं आडनाव असं आहे की ते दोन्हीकडे चालतं. बौद्धांत त्याची घरं आहेत आणि काकांच्या जातीतही आहेत. मला एकदम सगळं कळलं. बसस्टँडवर येणं, कमी ऐकू येण्याची बतावणी, शेजाऱ्यासमोरची घाई. प्लॉट ज्यांना मिळत होता ते आम्ही नव्हतो. आमच्याच आडनावाचं दुसरंच कुणी कुटुंब इथे राहायला येणार होतं, आणि आम्हाला जन्मभर ते कुटुंब होऊन राहावं लागणार होतं.

बाहेरच्या खोलीत बाबा आणि काका कशावर तरी मोठ्यानं हसत होते. माझ्या मनात लगेच दुसरा शक आला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. बाबांना हे माहीत आहे का?

आईनं हातातली पोळी पूर्ण लाटली. ती तव्यावर टाकायला म्हातारीच्या हातात दिली नाही. परातीत ठेवली.

"मावशी, पोळ्या वाढायच्या आधी आयकून घ्या. आमी बौद्ध आहो."

तव्यावरची पोळी जळायला लागली तेव्हा म्हातारी भानावर आली. तिनं ती उचलून बाजूला टाकली आणि हाक मारली, "अबे, इकडं ये."

काका दारात आले. त्यांच्या मागे बाबा.

"तुले मालूम होतं?"

"काय?"

"हे लोक कोन हायेत ते."

"दोस्त हाय माझा."

"म्या दोस्त नाही इचारला."

"तू आडनाव इचारलं, म्या आडनाव सांगतलं," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "मंग तूच म्हनली आपलेच हायेत. म्या हो म्हटलं. मले तर आपलेच वाटते."

म्हातारीनं परातीतली ती पोळी उचलली, तव्यावर टाकली, भाजली आणि टोपल्यात ठेवली. मग तिनं स्वतःच पाट मांडले, पाणी ठेवलं, वाढायला घेतलं. वाढण्यात काही कमी केलं नाही. वांग्याची भाजी, वरण, पोळीवर तूप. काका बाबांना लागून बसले आणि त्यांनी पहिला घास घेतला.

"तुमी नाही जेवत?" आईनं म्हातारीला विचारलं.

"माझा उपास हाय आज."

आईनं मान खाली घातली आणि जेवायला लागली. मीही जेवले. बाबांच्या ताटातलं मात्र तसंच राहिलं होतं, काकांनी दोनदा "घे नं बे" म्हटलं तरी.

निघताना म्हातारी आईला बाजूला घेऊन म्हणाली, "तू खरं बोलली, बरं केलं. पन घर इथं नको घेऊ पोरी. मी तुले काही म्हननार नाही. मोहल्ल्याचं मी सांगू शकत नाही."

रस्त्यावर आल्यावर आई म्हणाली, "नाव मोहल्ल्याचं, बोलनं बुढीचं." पण मला तेवढी खात्री नव्हती. म्हातारीचा आवाज धमकीचा नव्हता. ती आम्हाला वाचवत होती की स्वतःला, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आताही येणार नाही.

काका बसस्टँडपर्यंत आले. "एक बार राहाले आले का मंग कोन काढते?" ते बाबांना सांगत होते. "म्या हळूहळू सांगनारच होतो. अजूनही घे. मी उभा हाओ नं."

"बयाणा राहू दे," बाबा म्हणाले. एवढंच.

बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. सौंसर जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं, "तुमाले मालूम होतं का?" बाबा खिशातली तिकिटं काढून पाहायला लागले. आईनं पुन्हा विचारलं नाही. पण त्यानंतर बरेच दिवस ती बाबांच्या प्रत्येक वाक्याकडे असं पाहायची, जणू त्याच्या मागे अजून एक वाक्य आहे.

नंतर बाबा सौंसरमध्येच जागा पाहायला लागले, बोरगावच्या रस्त्याकडे, जिथे नवे प्लॉट पडत होते. त्यांची एक नवी पद्धत सुरू झाली. भाव विचारायच्या आधी ते मालकाला सांगायचे, "आमी बौद्ध आहो. आता बोला." मी सोबत असायचे. मला दर वेळी वाटायचं, हे असं तोंडावर मारल्यासारखं कशाला? पण बोलायची हिंमत होत नसे. एका मालकाला तेव्हाच आठवलं की प्लॉट त्यानं साळ्याला कबूल केला आहे. दुसऱ्यानं चहा पाजला, खूप गोड बोलला, आणि त्यानंतर तो कधीच घरी सापडला नाही. तिसरा एक रिटायर कंपाउंडर होता. तो चष्म्यावरून पाहत म्हणाला, "म्या इचारलं का? रजिस्ट्रीले कवा येता ते सांगा."

इतकं सरळ उत्तर आलं म्हणून आई पुन्हा सावध झाली. आठवडाभर ती आजूबाजूच्या बायकांना विचारत फिरली, पावसाळ्यात इथे पाणी साचतं का, मालकाची भांडणं आहेत का. पाणी थोडं साचायचं. तेवढं सगळीकडेच साचतं, असं ठरवून आम्ही जागा घेतली.

काका सौंसरला येत राहिले. आमच्याकडे जेवायचे, आईला वहिनी म्हणायचे, प्लॉटचा विषय काढायचे नाहीत. बाबा त्यांच्याकडे पुन्हा गेले नाहीत.

पायासाठी चुन्याची रेघ ओढायची होती त्या दिवशी मी आणि बाबा दोघंच प्लॉटवर होतो. आई डबा घेऊन मागून येणार होती. मी विचारलं, "बाबा, खरं सांगा, तुम्हाला माहीत होतं का?"

ते दोरी सोडवत बसले होते. म्हणाले, "शक होता. घरी ये म्हनते अन् घराचा पत्ता कोनाले इचारू नको म्हनते, तवाच आला होता."

"मग गेलो कशाला आपण?"

"वाटलं, तो सांगन. तिकडं एवढं केलं त्यानं, हे एवढं त्याच्याच्यानं होईन. म्या वाट पाहून राहिलो होतो." त्यांनी दोरीची गाठ दातानं सोडवली. "तुझ्या मायनं नाही पाहिली."

"आईनं सांगितलं नसतं तर तुम्ही बयाणा दिला असता?"

"मालूम नाही," ते म्हणाले. मी ते खरं मानलं, कारण ते त्यांच्या फायद्याचं नव्हतं.

तेवढ्यात आई आली. तिनं डबा विटांवर ठेवला, रेघ पाहिली आणि विचारलं, "दार कुठं हाय?" बाबांनी मागची गल्ली दाखवली, कारण रस्त्याकडची सगळी बाजू दुकानाला हवी होती. आईनं पायानं चुन्याची रेघ पुसली. "घराचं दार रस्त्यावर पाहिजे," ती म्हणाली. "मागच्या गल्लीतून मी आत जानार नाही." बाबा म्हणाले शटर बारा फुटांचं लागतं. आई म्हणाली आठाचं करा. मी दोरीचं टोक धरून उभी होते, आणि दोघांपैकी कुणीही मागे हटायला तयार नव्हतं.