न शिवता वाजणारी पेटी
रेडिओवर सिनेमाच्या गाण्यात ते विजेचं वाद्य विव्हळलं, की मला लोधीपुऱ्यातला माझ्या लग्नाचा मांडव आठवतो. हवेत नुसता हात फिरवून वाजणारी ती पेटी सासऱ्यांनी मुंबईहून वादकासकट आणवली होती. माझी विधवा काकू पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या जवळून गेली आणि पेटी किंचाळली. "मशीनले बी कळतं, कोन समोर आलं ते," सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. कुणीही जवळ आलं तरी ती ओरडते, हे ठाऊक असलेला वादक खाली मान घालून बसला. मी बोहल्यावरून उठले आणि हळदीने पिवळा झालेला माझा हात पेटीपुढे धरला. ती तशीच किंचाळली. पण काकू तोवर परसात निघून गेली होती. गाणं गोड आहे म्हणतात. मी रेडिओ बंद करते.