सिनेमाखालून सरकणारी पट्टी

कापसाला कोणी विचारत नव्हतं त्या वर्षांत मी विदर्भातल्या ढाणकीत एका केबलवाल्याकडे कामाला होतो. त्याचं स्वतःचं लोकल चॅनल होतं. त्यावर दिवसभर सीडी लावायच्या आणि सिनेमाच्या खालून एक पट्टी सरकवत ठेवायची, हे माझं काम. पट्टीत बियाण्यांच्या जाहिराती, वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावपूर्ण श्रद्धांजली. कीटकनाशकाची जाहिरात आणि श्रद्धांजली एकापाठोपाठ येऊ द्यायची नाही, अशी मालकाची सक्त ताकीद होती. माणुसकी म्हणून नव्हे, जाहिरातवाला रुसतो म्हणून.

गावाचा जीव एकाच सिनेमात अडकला होता. त्याचे तीन भाग निघाले होते. पहिल्यात हिरो मरतो आणि आई एकुलत्या एका लेकासाठी ऊर बडवते. दुसऱ्यात तिला अचानक आठवतं की आपल्याला तर जुळी झाली होती! तिसऱ्यात पहिला मेलाच नव्हता असं निघतं. हिरो पन्नाशीचा, पोट आत ओढून कॉलेजात जायचा. त्याला रडता येत नसे, म्हणून दिग्दर्शक दर वेळी पाऊस पाडायचा. तद्दन भिकार माल. मी एकही भाग सोडला नाही. माझ्यासारख्या गाढवांच्या जिवावरच तर तिसरा भाग निघतो.

एक दिवस ब्लाउज शिवणारी एक बाई ऑफिसात आली. तिचा नवरा कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कामाला होता. जिनिंग बंद पडली, तो घरी बसला, आणि एका सकाळी भाजी आणतो म्हणून गेला तो आलाच नाही. तिनं आसपासच्या विहिरीसुद्धा पाहून घेतल्या होत्या.

"पट्टी टाका भाऊ," ती म्हणाली, "पण त्या पिच्चरखालीच टाका. जित्ते असतीन तर ते कोठीही बसून पाहतीनच."

मी नवऱ्याचं नाव टाकलं आणि पुढं लिहिलं, 'असाल तिथून घरी या. कोणी काही बोलणार नाही.' ती रोज येऊन दाराशी उभी राहायची, आपली पट्टी दिसली की जायची. वर दुसरा लेक आईच्या मिठीत पडायचा आणि खालून ही अक्षरं सरकायची. मला त्या सिनेमातल्या आईचा भयंकर राग यायचा. तिला काही न करता फुकटात पोरं मिळत होती.

मग एका दुपारी एक माणूस तावातावानं ऑफिसात शिरला. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट.

"ते पट्टी काढा ना राजेहो! मारामारीत हिरोचे पाय दिसून नाही राह्यले."

"तुम्ही कोण?"

"त्यात ज्याचं नाव येऊन राह्यलं ना, तो मीच."

गावाबाहेरच्या वस्तीत एका दोस्ताकडे तो मजेत राहत होता. घरी काहून नाही जात, असं मी विचारलं.

"जाईन ना. लय कटकट हाय घरी," तो म्हणाला. "तिसरा भाग कवा लावता?"

संध्याकाळी ती आली तेव्हा मी सगळं सांगितलं, पायांच्या तक्रारीसकट. गाळावं असं वाटलं होतं, पण विहिरीत वाकून आलेल्या बाईपासून काय गाळायचं? ती आधी रडली, जिवंत आहे म्हणून. बराच वेळ रडली. मग पदरानं तोंड पुसलं.

"तिसरा भाग कवा हाय?"

"उद्या."

"मंग पट्टी काढू नका. मोठी करा. अन् खालून नोको, मधातून जाऊ द्या. त्याच्या हिरोच्या थोबाडावरून."

"काय लिहू?"

तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मालक माझ्यावर ओरडला, फोनवरून गावानं आईबहिणीवरून शिव्या घातल्या, पण मी हललो नाही. हिरो मरणातून उठून भर पावसात आईसमोर उभा राहिला, तेव्हा त्याचं तोंड कोणालाच दिसलं नाही. त्यावरून मोठ्या अक्षरांत तिच्या नवऱ्याचं नाव जात होतं आणि त्यामागून, 'घरी येऊ नको.'