संजूची जाळी आणि माझी लाखवात

आमच्या घराला आग लागली, तेव्हा मी शेजारच्या देवघरात बसून पुण्य जमवत होते.

गोष्ट चार पावसाळ्यांपूर्वीची. तेव्हा मी तरुण होते. अडुसष्टची! आज बहात्तराव्या वर्षी त्या पोरीकडं वळून बघितलं, की दोन धपाटे घालावेसे वाटतात. पण ती कुणाचं ऐकणारी नव्हतीच.

झालं असं, की पुण्यातल्या आमच्या संजूनं नवं मशीन घेतलं आणि जुनं मला औंढ्याला पाठवून दिलं. कपडे धुवायचं नव्हे, नुसते सुकवायचं!

"आई, पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत ना तुझे?" फोनवर संजू.

"माझे कपडे किती रे? दोन लुगडी अन् एक टॉवेल. त्यांच्याकडं डोळे वटारून बघितलं तरी वाळतात."

पण मशीन आलं. हिंगोलीहून माणूस आला, त्यानं मागच्या भिंतीला भोक पाडलं आणि हत्तीच्या सोंडेएवढा पाईप बसवला. गरम हवा त्यातून बाहेर जाणार. संजूनं दोन गोष्टी बजावल्या. कपड्यांची जी लव निघते ती मशीनच्या जाळीत अडकते. ती जाळी दर वेळी साफ करायची. आणि जी जाळीतून निसटते ती पाईपात साचते. तो पाईप महिन्याला साफ करायचा. "नाहीतर गरम होऊन लव पेट घेते, आई. घर जळतं!"

मी दोन्ही गोष्टी इमानानं करत होते. इथवर माझी काहीच चूक नव्हती, हे लिहून ठेवा. (इथून पुढं सगळी माझीच आहे.)

संजूचा फोन यायचा रविवारी, अकराच्या ठोक्याला. तोंड दिसणारा फोन.

"जेवलीस?"

"व्हय."

"गोळी घेतली?"

"घेतली."

"जाळी साफ केली?"

"केली."

"बरं, ठेवतो मग."

दोन मिनिटं. एकदा सव्वादोन भरली होती, पण त्यात माझी उचकी होती. आठवडाभर मी त्याला सांगायच्या गोष्टी मनात लावून ठेवायची. गल्लीतल्या शेळीला तिळं झालं, समोरच्या दुकानात यात्रेकरूंची चप्पल हरवली म्हणून भांडण झालं, दोडक्याच्या वेलाला फूल आलं. त्यातली पहिली गोष्ट ओठावर येईस्तोवर पडद्यावर संजूच्या जागी माझंच तोंड. त्याला कसलं सांगायचं? ते तर सगळं बघूनच बसलेलं!

मग एका रविवारी खरंच राहून गेलं. म्हटलं, "नाही रे, केली नाही जाळी."

काय चमत्कार सांगू! संजू खुर्चीत सरळ बसला. लव म्हणजे काय, हवा अडली की काय होतं, मशीन कसं तापतं, सगळं समजावून सांगितलं. हातवारे करून! मधेच पाणी प्याला, पुन्हा सांगितलं. सव्वीस मिनिटं! लेकराची दाढी पांढरी व्हायला लागलीय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

आता कुणीही म्हणेल, जाळी साफ करावी आणि फोनवर 'नाही केली' म्हणावं. पण खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही हो! त्यामुळं मी खरोखरच साफ करायची सोडली. शिवाय संजू म्हणायचा, "दाखव बरं." मग मी जाळी काढून फोनसमोर धरायची. तो कपाळावर हात मारायचा. अर्धा तास पक्का! जाळीनंच एवढं भागत होतं, तर पाईपाला कोण हात लावतंय? त्याचं नाव कुणी काढलं नाही, मीही काढलं नाही.

राहता राहिला कपड्यांचा प्रश्न. दोन लुगड्यांची लव निघणार किती? म्हणून मी ह्यांचे टेरिकॉटचे सदरे काढले. हे जाऊन सहा वर्षं झाली होती, सदरे कपाटात तसेच होते. दर शनिवारी ते धुवायचे, सुकवायचे, घडी करून परत कपाटात. (तहसिलीत नोकरीला होते तेव्हासुद्धा ह्यांनी इतके स्वच्छ सदरे घातले नव्हते.) गरमगरम सदरा मशीनमधून काढला, की वाटायचं हे आत्ताच अंगातून काढून गेलेत. ते असो.

तर श्रावण आला. आमच्या शेजारची गंगू, नागनाथाच्या देवळात सेवेला असलेल्या गुरवाच्या घरची सून, हिनं लाखवात धरली होती. एक लाख वाती वळून देवापुढं लावायच्या. ती आली वाती मोजत.

"काकू, तुमी बी वळा की चार-पाच हजार. दिवसभर बसून काय करून राहिल्या?"

टोमणा बराबर बसला. दुकानातून कापूस आणावा म्हणून उठले, तर नजर गेली जाळीवर. बोटभर जाडीची लव! मऊ, हलकी, किंचित निळसर. अडुसष्टच्या पोरीची अक्कल लखलखली. घरात फुकटचा कापूस असताना दुकानात कशाला जायचं? जाळीवरची सगळी लव ओढून काढली आणि वळत बसले. वाती काय सुरेख झाल्या! आणि मनात आलं, ही लव म्हणजे ह्यांचे सदरे. जन्मभर ज्या माणसानं देवापुढं कधी हात जोडले नाहीत, तो आता वात होऊन उभा राहणार! बसल्या जागी एकटीच हसले.

रविवारी सकाळी दहाला वाती गंगूकडं न्यायला निघाले आणि दारातच थबकले. अकराला संजूचा फोन. आणि जाळी तर चकचकीत! पुन्हा दोन मिनिटं?

मागं फिरले. कपाटातले वाळके, घडी घातलेले सदरे मशीनमध्ये कोंबले, वेळेचा काटा शेवटपर्यंत फिरवला आणि मशीन सुरू करून शेजारी गेले. अकरापर्यंत जरा तरी लव साचेल!

गंगूनं वाती तुपात भिजवल्या. "उद्या सोमवार हाय, आज एक लावून बघू."

काडी लावली. वात नुसती पेटली नाही, भस्सकन उसळली! काळा धूर, प्लॅस्टिकचा वास, आणि देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाचं मोरपीस बघता बघता गायब!

"अवो माय! काकू, वाती आणल्या का फटाके?" गंगूनं ताम्हन उपडं घालून वात दडपली. "कुटला हो हा कापूस?"

"घरचा."

"घरचा? तुमच्या माळवदावर कपाशी पिकून राहिली का?"

"मशीनचा गं. सदऱ्यांचा."

गंगूनं उरलेल्या वाती लांब सरकवल्या. मग हळूच म्हणाली, "मंग मशीनमदी आजून किती हाय असला?"

"पाईपभर."

"अन् मशीन?"

"चालू हाय."

त्यानंतर आम्ही दोघी ज्या वेगानं पळालो, तो वेग माझ्या गुडघ्यांना अजून आठवतो. मागच्या भिंतीतून धूर निघत होता, पाईपाचं तोंड लाल झालं होतं. मी मेन स्विच ओढला. गंगूनं पळता पळता चुलीजवळून पाण्याचं भगुणं उचललं होतं, ते तिनं पाईपावर रिकामं केलं. छस्स! आणि अंगणभर मोहरी-कढीपत्त्याचा घमघमाट सुटला. पाणी कुठलं, तिची दुपारची कढी होती ती!

पण आग विझली. पाईप गेला, खिडकीचा पडदा गेला, ह्यांच्या एका सदऱ्याची बाही करपली. मी तो सदरा छातीशी धरून पायरीवर बसले. आणि घरातून फोन वाजला. अकरा!

"जेवलीस?" संजू.

"व्हय."

"गोळी घेतली?"

"घेतली."

"जाळी साफ केली?"

"केली," मी म्हणाले. खोटं बोलायला शेवटी मुहूर्त सापडला तो हा!

"आई, तुझं तोंड काळं काहून आहे?"

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून गंगूनं डोकं घातलं, हातात रिकामं भगुणं. "संजूभाऊ, जाळीचं काय घिऊन बसले! घरच साफ व्हायलं होतं! अन् माझी कढी गेली ती येगळीच!"

संजू पांढरा पडला. रात्रीची गाडी धरून सोमवारी सकाळी दारात हजर. मला धसका होता, पण आगीचा नव्हे. हा मशीन परत घेऊन जाणार. मग रविवारी हा विचारणार काय, आणि मी सांगणार काय?

तो मागच्या पायरीवर बसला आणि काळवंडलेला पाईप मांडीवर घेऊन ब्रशनं खरवडायला लागला. जळकी लव, कढीपत्ता, मोहरी, सगळं बाहेर येत होतं.

"आई, चाळीस वेळा सांगितलं तुला. तरी काहून नाही केलीस साफ?"

सांगायला कारणं पुष्कळ होती. विसरले, हात पुरत नाही, डोळ्यांना दिसत नाही. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"'केली' म्हटलं की तू फोन ठेवतोस रे."

पाईप कधीचाच साफ झाला होता, तरी संजू बराच वेळ आत ब्रश फिरवत बसला. मग विचारलं, "बरं, गल्लीत काय नवीन?" मी शेळीच्या तिळ्याची गोष्ट काढली. ती पिल्लं एव्हाना मोठी झाली होती, पण मी पहिल्यापासून सांगितली.

जाताना त्यानं मशीन नेलं नाही. जुना पाईप फेकून पत्र्याचा नवा बसवला. सदऱ्याची करपलेली बाही मी दुमडून शिवली.

तेव्हापासून मी जाळी दर वेळी साफ करते आणि पाईप दर एक तारखेला. पुरा बाहेर काढून, अंगणात आपटून, ब्रश घालून. मशीन चालू ठेवून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. माझ्यासारख्या हुशार बायांनी हे जरूर करावं. गंगूच्या लाखवातीला माझ्या वाट्याच्या वाती मी दुकानच्या कापसाच्या वळून दिल्या, शिवाय कढीही पाजली.

आणि रविवारी अकराला फोन येतो.

"जाळी साफ केली?"

"कुटली जाळी रे?"

दिवाळीला आला तेव्हा लख्ख जाळी त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीय. तरी लेकरू खुर्चीत सरळ बसतं, घसा खाकरतं आणि म्हणतं, "परत सांगतो. नीट ऐक हं, आई."

मी ऐकते. पूर्वी मी घाण जाळी फोनसमोर धरायची, आता साफ केलेली जाळी पदराखाली लपवून बसते. चार वर्षांत माझी अक्कल वाढली ती एवढीच!