काटा बरोबर होता

आमच्या घरात एक गोष्ट आता सगळ्यांनी मान्य केली आहे. पडवीतल्या जुन्या काट्याने आम्हाला फसवले. काटा बिघडलेला होता, म्हणून माझ्या बायकोचे वजन किती झपाट्याने उतरते आहे ते कुणाला कळले नाही, आणि कळले तेव्हा उशीर झाला होता. तलासरीला दिलेली माझी मुलगी आल्यागेल्याला असेच सांगते. जावईही सांगतात. मी बाजूला बसून मान हलवतो.

काटा बरोबर होता. हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही आणि मी आता सत्तरीच्या पुढे आहे, म्हणून लिहितो.

डहाणूत चिकूच्या एका वखारीत मी चौतीस वर्षे तोलाई केली. वाड्यांतून करंड्या यायच्या, पुढे प्लास्टिकचे क्रेट आले. मी ते काट्यावर चढवून घ्यायचो, दांडीवरचे वजन सरकवायचो आणि आकडा ओरडून सांगायचो. देठ, डागी फळ, ओला माल अशा नावांनी वजनातून जो भाग कापून सांगतात त्याला कडता म्हणतात. किती कापायचा ते शेठ सांगत, कापायचो मी. आकडे तोलणाऱ्याच्या बाजूला असतात, समोरच्याला दिसते ती दांडीची पाठ. माल आणणारा माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा आणि मी म्हणेन ते त्याचे वजन. चौतीस वर्षे कुणी फिरून माझ्या बाजूला आला नाही. माणसाला याची सवय लागते.

२०१४ साली वखारीत इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि मी घरी बसलो. जुना लोखंडी काटा शेठनी मला देऊन टाकला. टेम्पोत घालून तो नरपडला घरी आणला आणि पडवीत मांडला. बायको म्हणाली, "माणूस रिटायर झाला की घड्याळ देतात. तुम्हाला हे धूड दिलं?"

पुढच्या वर्षी तिचे गुडघे फार दुखू लागले. डॉक्टरांनी फोटो पाहिले आणि वजन कमी करायला सांगितले. मी विचारले, "किती?" ते म्हणाले, "पाच-सहा किलो उतरलं तरी फरक पडेल. पुढचा आकडा तुम्ही दोघं ठरवा. तिला झेपेल असा ठरवा."

त्या दिवशी तिचे वजन अठ्ठ्याहत्तर होते. दवाखान्याच्या भिंतीवर उंचीप्रमाणे वजनाचा तक्ता लावलेला होता. तिची उंची बोटाने शोधून मी आकडा काढला. पंचावन्न.

घरी येऊन मी तो सांगितला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मला बासष्ट पुरे."

"बासष्ट कुठून काढलंस?"

"तुम्हीच काढलं होतं. विसरलात?"

मी विसरलो होतो. मुलगी दीड वर्षाची असताना एकदा ती माझा डबा घेऊन वखारीत आली होती. चिकू निवडणाऱ्या बायांनी हट्टाने तिला काट्यावर उभी केली. मुलीसकट त्र्याहत्तर, मुलीला उतरवल्यावर बासष्ट. एक बाई ओरडली होती, "भाऊ, वहिनींचा कडता नका कापू हां!" त्याच आठवड्यात आम्ही महालक्ष्मीच्या गडावर गेलो होतो, आणि मुलीला कडेवर घेऊन ती सगळ्या पायऱ्या न थांबता चढली होती.

"मी त्र्याहत्तर किलो वर नेलेत," ती म्हणाली. "आता बासष्टच न्यायचे आहेत. गडावर एकदा देवीची ओटी भरून आले की मला बारीक होऊन काय करायचंय?"

"तक्त्यात पंचावन्न आहे."

"तक्त्याने माझे गुडघे बघितलेत का?"

मी हसलो आणि बासष्टला कबूल झालो. वजनासाठी काढलेल्या वहीच्या पहिल्या पानावर 'बासष्ट' असे लिहिलेही. मनात मात्र पंचावन्नच धरून ठेवले. का, तेही सांगून टाकतो. त्याआधी तलासरीला एका लग्नात तिचा भाऊ चार माणसांत मला म्हणाला होता, "दाजी, वखारीतलं सगळं घरीच आणून खाऊ घालता काय हो ताईला?" सगळे हसले. तीही हसली. मला ते लागून राहिले. तिच्या गुडघ्यांची काळजी होती, नव्हती असे नाही. पण पंचावन्न हा आकडा गुडघ्यांसाठी नव्हता.

दर रविवारी सकाळी चहाच्या आधी ती काट्यावर उभी राहायची. मी दांडीमागे. मी आकडा सांगून वहीत लिहायचो. तिने भात सोडला, नाचणीची एक भाकरी आणि भाजी यांवर आली. तळलेले बोंबील मला करून वाढायची, स्वतः वासावर राहायची. समुद्रावर रोज अर्धा तास चालायची. सुरुवातीला सगळे आकडे खरे सांगितले. पंच्याहत्तर, बाहत्तर, अडुसष्ट. तिला खाली बसून उठता येऊ लागले. शेजारची गुजराती बाई कुंपणावरून म्हणायची, "बेन, हवे बस करो! पवन आवशे तो उडी जशो!" वाऱ्याने उडून जाशील म्हणे. ती खूश व्हायची.

२०१६ च्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी दांडी बासष्टवर थांबली. मी ती दोनदा पाहिली. बायको पाठमोऱ्या दांडीकडे आणि मग माझ्या तोंडाकडे बघत होती.

"किती?"

आता ही थांबणार, असे माझ्या मनात आले. भात सुरू होईल. पंचावन्न राहून जाईल.

"चौसष्ट," मी म्हणालो.

"अजून दोन?" ती खाली उतरली. "मला वाटलं होतं, आज होतील."

वहीत मी चौसष्ट लिहिले. पहिला खोटा आकडा तो. त्या दिवसापासून तिने रात्रीचे जेवण सोडले आणि दूध घ्यायला लागली.

वखारीत मी कमी सांगत असे, घरी जास्त सांगू लागलो. हात मात्र तसाच चालायचा. एकदा फरक पडला की तो राखावा लागतो, वाढवावाही लागतो. चैत्रात, महालक्ष्मीची यात्रा भरली तेव्हा, ती एकोणसाठ होती. मी तिला त्रेसष्ट सांगितले होते. म्हणाली, "एका किलोसाठी काय अडलंय? जाऊ या का?" मी म्हणालो, "ठरवलं ते ठरवलं. पावसाळा होऊ दे." त्या चैत्रात ती गड चढली असती. रोज समुद्रावर माझ्यापुढे चालत होती.

आषाढात तिची भूक गेली. अर्धी भाकरी टाकून उठायची. मी ते तिच्या निश्चयाचे कौतुक म्हणून मुलीला फोनवर सांगितले. श्रावणातल्या एका रविवारी दांडी पंचावन्नवर आली. माझा आकडा. मी दांडीमागे उभा राहून मनातल्या मनात आनंदलो, आणि उदार होऊन तिला म्हणालो, "बासष्ट. झाले तुझे."

तिने हात जोडले. तिने शिरा केला, शेजारी वाटला, मुलीला कळवले. स्वतः एक चमचा तोंडात घातला आणि ताट बाजूला सारले. "गोडाची सवय गेली," म्हणाली.

नवरात्रात आम्ही गडावर गेलो. नवी साडी, ओटीचे सामान, सगळे तिने आठ दिवस आधी काढून ठेवले होते. पहिल्या टप्प्यावरच तिने कठड्याला हात लावला. थोडे चढून पायरीवर बसली. पोटाशी हात धरला होता. बायामाणसे, पोरेटोरे आमच्या बाजूने वर जात होती.

"बासष्ट झाले ना हो?" तिने विचारले.

"झाले. एकसष्टला आलीस."

"मग पाय का उचलत नाहीत?"

मला उत्तर माहीत होते, निदान त्याचा आकडा माहीत होता. आदल्या रविवारी ती त्रेपन्न होती. मी म्हणालो, "उन्हाने झालं असेल." ओटी गडाखालच्या देवळात भरून आम्ही घरी आलो. परतताना गाडीत ती एवढेच म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. गुडघ्यांचे नव्हेत, आमचे नेहमीचे. त्यांनी पोट दाबून पाहिले. विचारले, "वजन कसं काय उतरलं? किती दिवसांत?" मी वही पुढे केली. सुंदर अक्षर आहे माझे. त्यांनी पाने उलटली. "दोन वर्षांत सतरा किलो. सावकाश उतरलंय, डाएटवर आहेत. छान ठेवलंय काका तुम्ही." त्यांच्या दवाखान्यात काटा होता, दाराशेजारीच. वही बघून त्यांनी तिला त्यावर चढवले नाही. पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि थोडे खायला सांगितले.

तेव्हा मी बोलू शकलो असतो. सतरा नाही, पंचवीस उतरलेत, आणि त्यातले शेवटचे तीन-चार तिने काही न करता उतरलेत, एवढे दोनच वाक्यांत सांगायचे होते. ती शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिच्यासमोर सांगावे लागले असते की चैत्रात तुला मीच थांबवले. मी वही मिटून पिशवीत ठेवली.

घरी मी आणखीच अडकलो. आठ किलोंचा फरक एका रविवारी कसा पुसणार? अर्धा-अर्धा किलो उतरवत नेऊ, खऱ्याला गाठू, असे मी ठरवले. पण खरे वजन माझ्यापेक्षा पुढे पळत होते. ती आता काट्यावर चढताना माझा खांदा धरायची. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरायच्या. ते दिसायला काटा लागत नव्हता. शेजारीण आता थट्टा करत नव्हती.

मार्गशीर्षात मुलगी आली आणि आईला बघून दारातच थांबली. त्याच दिवशी गाडी करून आम्हा दोघांना तलासरीला घेऊन गेली. तिथल्या दवाखान्यात आधी वजन घेतात. मुलीने माझी वही उघडून धरली होती. वहीत एकोणसाठ. तिथल्या काट्यावर सत्तेचाळीस.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुमचा काटा बिघडलाय."

नर्स माझ्याकडे बघत होती. बायको काट्यावरच उभी होती, भिंतीला धरून.

"जुना झाला आहे," मी म्हणालो.

तिथून वापीला नेले. पोटात गाठ होती आणि ती पसरली होती. तिथले डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने आधी आला असतात तर ऑपरेशनचा विचार करता आला असता. ती वाचली असती असे ते म्हणाले नाहीत. तेवढ्यावर मी कित्येक दिवस काढले. होळीच्या आधी ती गेली.

दिवस झाल्यावर मी एकटा असताना वखारीतून वीस किलोची मापे मागून आणली आणि काट्यावर ठेवली. वीस. चाळीस. साठ. दांडी बरोबर त्या त्या जागी थांबली. चार दिवसांनी जावई म्हणाले, "बाबा, तो काटा एकदा तपासून घेऊ." दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तो भंगारवाल्याला देऊन टाकला. जावयांनी विचारले तर म्हणालो, "तो बघवत नव्हता." त्यांना ते पटले. मुलीने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

हे सगळे माझ्याबरोबर गेले असते. पण यंदा, २०१९ साली, वर्षश्राद्धाला मुलगी जेवायला बसली आणि ताटावरून उठली. स्वयंपाकघरात तिच्या मामीला सांगत होती ते मला पडवीत ऐकू आले. "वापीला दर महिन्याला बाजाराला जायचे मी. प्रत्येक वेळी मनात यायचं, आईला एक छोटा काटा घेऊन द्यावा, घरात ठेवायचा. राहून गेलं. तो एक काटा आणला असता, मामी, तर आई आज असती."

मामी म्हणाली, "तुझा काय दोष गं?" ती म्हणाली, "माझाच." मी पडवीतून उठलो नाही. वाढायला आले तेव्हा जेवलोसुद्धा.

तेव्हापासून ती वरचेवर हेच बोलते, आणि तिचेही जेवण कमी झाले आहे. जावयांनी मला फोन करून सांगितले. म्हणून ही पाने. तीच वही आहे, तिच्यात खोट्या आकड्यांशेजारी खरे आकडे मी आता लाल शाईने लिहिले आहेत. ते तेव्हा कुठे टिपले नव्हते, पण तोलणाऱ्याला आकडा विसरता येत नाही. रविवारी ती येईल तेव्हा वही तिच्या हातात देणार आहे. नंतर तिने या घरात पाऊल ठेवले नाही तरी, तिने नवा काटा न आणल्याने काही फरक पडला नव्हता, एवढे तिला कळेल. नवा काटा घरात आला असता तर मी त्याला चुकीचा ठरवला असता.

ती विचारेल, आईला हे माहीत होते का. नव्हते. वापीला शेवटच्या दिवसांत एकदा तिने मला विचारले, "अहो, आपला काटा चुकत होता म्हणतात. मी त्याच्यावर नीट उभी राहत नव्हते का?"

मी म्हणालो, "थोडी पुढे झुकायचीस."

"तेच असेल," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

हेही लिहून ठेवतो. ती झुकत नव्हती. दोन्ही पाय जुळवून, हात बाजूला सोडून, मी सांगितले होते तशी सरळ उभी राहत असे.