डासांवरच्या गोळ्या

अनगोळच्या होमिओपॅथी दवाखान्यात ती माझ्या शेजारी बसली होती. वडगावात यंत्रमागावर काम करणारी, पन्नाशीची बाई. केसांत सुताचे तंतू, डोळे अर्धे मिटलेले. डास चावल्यावर घ्यायच्या नव्या गोळ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही दिल्या होत्या आणि गुण आला का ते सांगायला बोलावलं होतं. मला काडीचाही गुण आला नव्हता. तसं सांगून मी दुसऱ्या गोळ्यांची वाट बघत होतो.

"आक्का, खाजवणं कमी झालं काय?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"एकदाबी खाजवलं न्हाय."

डॉक्टरांचा चेहरा खुलला. त्यांनी तिची बाटली पुन्हा भरून दिली.

बाहेर चप्पल घालताना मला तिचे हात दिसले. कोपरापर्यंत लाल गांध्या उठल्या होत्या.

"आक्का, खरंच खाज सुटत न्हाय व्हय?"

"सुटती की, लई सुटती," ती जांभई देत म्हणाली. "पर माग चालू असताना हात मोकळा कुठं असतोय? आन घरात पाठ टेकली की मेल्यागत झोप लागती."

घरी आलो, नवी बाटली न उघडताच पंख्याखाली बसलो आणि दोन्ही हात सावकाश, पोटभर खाजवले. मला तेवढी सवड होती.