पाठकोऱ्या कागदावरचं माप

माझ्या पुस्तकाचं एक्केचाळीसावं पान फरशीवर पालथं घातलेलं होतं आणि त्याच्यावर सरांचा उजवा पाय होता.

मी गुडघ्यावर बसलेली. हातात पेन्सिल. टाचेपासनं सुरुवात केली, बाहेरच्या अंगानं करंगळीपर्यंत आले, बोटांच्या टोकावरनं वळले. पेन्सिल उभी धरायची असते. तिरकी धरली की माप चुकतं. हे सगळं माझ्या हाताला लहानपणापासनं पाठ.

"गुदगुल्या होतात गं बाळ," सर म्हणाले आणि हसले. शेजारच्या खुर्चीत पुण्याचे एक पाहुणे बसलेले, ते पण हसले.

मी पण हसले. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, पण हसले.

पहिल्यापासनं सांगते. आमचं कागलला चपलांचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक खोली आणि पुढं पत्रा. आबा, म्हणजे माझे वडील, कोल्हापुरी बांधतात. मी चामड्याच्या वेण्या घालते आणि गिऱ्हाईक बघते. धंदा सांगितला की समोरच्याला जात कळते. कळली की तो लगेच म्हणतो, आम्ही तसलं काय मानत नाही हं. मला जातीची सगळ्यात जास्त वेळा आठवण करून दिली ती ह्या न मानणाऱ्यांनी.

वेण्या घालायला आईनं शिकवलं. चामडं ओढून ओढून तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला शेवटी शेवटी गरम-गार कळायचं नाही. ती जाऊन पाच वर्षं झाली. ती गेल्यावर मी लिहायला लागले. तिच्यावर, आणि आमच्या गल्लीतल्या तिच्यासारख्या बायकांवर. चपलेवर दुकानाचा शिक्का असतो. बांधणाऱ्याचं नाव कधीमधी कुणीतरी काढतं. वेणी घालणारीचं नाव कोण घेतंय? तीन वर्षं वह्या भरल्या. मग झेरॉक्सवाल्याकडनं टाईप करून घेतलं, पानाच्या एका बाजूला छापून आणलं आणि कोल्हापुरातला एक प्रकाशक गाठला.

त्यानं वाचलं, हे खरं. दोन महिन्यांनी बोलावलं.

"ताई, झ्याक लिवलासा," तो म्हणाला. "डोळ्यांत पाणी आणलासा. पण तुम्हाला वळखतंय कोण? सरांची प्रस्तावना आणा. प्रस्तावना आली की पुस्तक आलं म्हणून समजा."

"आणि न्हाई आली तर?"

"मग अवघड हाय की."

सर म्हणजे आमच्या भागातलं मोठं नाव. कॉलेजात शिकवून रिटायर झालेले, वीसेक पुस्तकं नावावर. नव्या माणसाचं पहिलं पुस्तक त्यांच्या चार शब्दांशिवाय निघत नाही. ते नाही म्हणाले तर माझं पुस्तक गेलं, एवढं सरळ होतं. आणि मला पुस्तक पाहिजे होतं. रेशनकार्ड आणि मृत्यूचा दाखला सोडला तर आईचं नाव जन्मात कुठं छापलेलं नाही. ते मला छापलेलं बघायचं होतं.

म्हणून कागल ते कोल्हापूर एसटी, आणि तिथनं कसबा बावड्याला सरांचा बंगला. पहिल्यांदा गेले तर म्हणाले, ठेवून जा. दुसऱ्यांदा म्हणाले, अजून हात लागलेला नाही. तिसऱ्यांदा सर घरातच होते, आतनं आवाज येत होता, पण त्यांच्या घरच्या बाई दारातनंच म्हणाल्या, "ते बाहेर गेलेत." दर खेपेला व्हरांड्यात बसले. चहा मात्र मिळाला, आणि घरातल्याच कपात. सर म्हणाले, "आमच्याकडे सगळ्यांना एकच कप असतो बरं का." मी विचारलं नव्हतं.

चौथ्यांदा त्यांनी स्वतः फोन करून बोलावलं. मी आईची निळी साडी नेसून गेले.

"वाचलं मी," सर म्हणाले. "अस्सल आहे."

काय सांगू, छाती अशी भरून आली. आईला ओरडून सांगावंसं वाटलं. सरांनी पाहुण्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "हिचे वडील कापशी घाटाची कोल्हापुरी बांधतात. अस्सल हात." मग माझ्याकडं वळून, "त्यांच्या हातचा एक जोड घालायची फार इच्छा आहे गं. आलीच आहेस तर माप घेऊन जा. प्रस्तावना मी आता लिहायलाच घेतो."

दोन्ही गोष्टी एका दमात. माप आणि प्रस्तावना.

"कागद लागंल, सर," मी म्हणलं.

टीपॉयवर माझ्या पानांचा गठ्ठा होता. सरांनी न बघता मधनंच एक पान ओढलं. "हा घे. पाठकोराच आहे."

"सर, ते पुस्तकाचं..."

"अगं, प्रिंट आहे ना. परत काढता येते."

बरोबरच होतं की. प्रिंट परत काढता येते. मी पान घेतलं, पालथं घातलं आणि गुडघ्यावर बसले. माप घेताना पाहुण्यांनी मोबाईल काढला. "असंच राहा, असंच राहा, एक फोटो." मी तशीच राहिले.

परतीच्या एसटीत मोबाईल वाजायला लागला. साहित्यिक लोकांचा एक ग्रुप आहे, प्रकाशकानंच मला त्यात घेतलेलं. त्यात फोटो. खाली ओळ, 'गुरूंच्या चरणी नवोदित लेखिका.' त्याच्या खाली जोडलेल्या हातांची रांग. कुणी लिहिलेलं, असे संस्कार आता दिसत नाहीत. प्रकाशकानं शाबासकीचा अंगठा टाकलेला. फोटोत माझं तोंड दिसत नव्हतं, डोकं आणि पाठ दिसत होती. सरांचं तोंड झकास आलेलं.

मी मोबाईल मांडीवर पालथा घातला. स्वतःलाच समजावलं, गप गं, पुस्तक येतंय न्हवं? कोण बघतंय पाठीकडं?

घरी येऊन आबांना माप दिलं. आबा खूश. इतका मोठा माणूस आपला जोड घालणार म्हणल्यावर त्यांनी हात धुऊन कागद फळीवर ठेवला. तळहातानं सारखा केला. आणि थांबले.

"ह्याच्या मागं काय दिसतंय?"

"छापलंय, आबा."

"कुणाचं?"

"माझंच. पुस्तकातलं."

आबा चौथी शिकलेले. माझं लिहिलेलं त्यांनी कधी वाचलं नव्हतं, आणि मी कधी वाचून दाखवलं नव्हतं. त्यांनी पान उलटं केलं आणि माझ्या पुढ्यात धरलं.

"वाच."

"राहू दे की, आबा."

"वाच म्हणतो न्हवं."

मी वाचलं. एक्केचाळीसाव्या पानावर आई आहे. मी दहा वर्षांची, ती मला घेऊन कोल्हापूरला गेलती. चपलांच्या एका मोठ्या दुकानापुढं ती थांबली. काचेच्या आत एक जोड होता आणि वेणी तिची होती. शेवटची गाठ ती आतनं घ्यायची, त्यावरनं तिनं ओळखली. कौतुकानं तिनं हात पुढं केला, दाखवायला, मला. गल्ल्यावरचा माणूस खेकसला, "ए बाई, घ्यायची नसंल तर हात लावू नगंस. घाण हुतंय." आईनं हात पदराखाली घेतला. एसटीत बसल्यावर म्हणाली, आबांना सांगू नकोस.

मी वाचायची थांबले. आबांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत बसले.

"मला कवा बोलली न्हाई ती," एवढंच म्हणाले.

आमच्या दुकानात एक पत्र्याचा डबा आहे. त्यात आजवरच्या गिऱ्हाइकांची मापं आहेत, मेलेल्यांचीसुद्धा. आबांनी माप घेतलं आणि जोड दिला नाही, असं एकदाही झालेलं नाही. गिऱ्हाईक विसरलं तरी आबा जोड घरी पोचवून आलेत. तो माणूस त्या दिवशी पान माझ्या हातात परत देत म्हणाला, "ह्या मापावर माझी रापी चालायची न्हाई." रापी म्हणजे चामडं कापायचं हत्यार.

"मग प्रस्तावना, आबा? पुस्तक?"

"पुस्तक तुझं हाय. तू बघ."

मी काय बघणार, कप्पाळ! प्रकाशकाचे फोन सुरू झाले. "ताई, सर विचारालेत, जोड झाला का. प्रस्तावना तयार हाय म्हणं." दुसऱ्या दिवशी, "प्रकाशनाला सर त्योच जोड घालून येणार हायत." तिसऱ्या दिवशी जरा चढ्या आवाजात, "आता एका जोडापायी पुस्तक अडवतासा व्हय?" आबा समोर बसून दुसऱ्याच कुणाचा तरी तळ कापत होते. वर बघत नव्हते.

आणि आता जे सांगते त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी ठरवलं, कोल्हापुरातनं दुसऱ्याचा तयार जोड घ्यायचा आणि आबांचा म्हणून सरांना द्यायचा. त्यांना काय कळतंय? आबांना गडहिंग्लजला मावशीकडं जाते म्हणून खोटं सांगितलं आणि कोल्हापूरच्या एसटीत बसले.

चपलांच्या दुकानांच्या ओळीत गेले. एका दुकानात शिरले. तिथला पोरगा बोलायला गोड होता. "या ताई, बघा की हातात घेऊन." मी एक कापशी जोड उचलला आणि सवयीनं उलटा करून वेणीची गाठ बघितली. कुणा बाईची होती कुणास ठाऊक. गाठ बाहेरनं होती, घाईत मारलेली.

आई अशाच काचेपुढं उभी होती. तिचा हात तिच्याच वेणीला लागू दिला नव्हता. ते मी लिहिलं. त्या लिहिलेल्यावर मी स्वतः एका माणसाचा पाय ठेवून घेतला. आणि आता ते पुस्तक निघावं म्हणून त्याच पायाला चप्पल घालायला निघाले होते. मला माझीच शिसारी आली. जोड ठेवला आणि तडक बावड्याची बस धरली.

सर व्हरांड्यातच होते. "आणलास जोड?"

"न्हाई, सर. माझी पानं द्या."

"अगं पण प्रस्तावना झालीय. वाच तरी."

"नको. पानं द्या."

सरांचा चेहरा हळूहळू बदलला. "काय झालं? कुणी काही बोललं का तुला?"

मी पिशवीतनं ते पान काढलं. पायाची रेघ त्यांच्याकडं, छापलेली बाजू माझ्याकडं. "सर, तुम्ही वाचलंय म्हणालासा. ह्याच्या मागं काय हाय, सांगा."

सरांनी पायाच्या रेघेकडं बघितलं. मग म्हणाले, "हे बघ, महिन्याला किती हस्तलिखितं येतात माझ्याकडे. पान न् पान थोडंच लक्षात राहतं?"

"नुसतं ह्येच सांगा. कोण हाय ह्या पानावर?"

त्यांना सांगता येईना. आतनं बाईंनी गठ्ठा आणून दिला. मी पिशवीत घातला.

"तू फार मोठी चूक करतेयस," सर म्हणाले. आता 'बाळ' नव्हतं. "माझ्याशिवाय तुझं पुस्तक कोण छापतो बघू. कोण ओळखतं तुला?"

"सर, मला पायाचं माप घ्यायची लाज न्हाई. त्यो आमचा धंदा हाय. तुम्ही दुकानात या, कोऱ्या कागदावर घेते. पर माझ्या आईवर पाय ठिवून न्हाई."

एवढंच बोलले. रस्त्यावर आल्यावर रडले, आणि ते रडणं रागाचं होतं.

संध्याकाळच्या आत मला ग्रुपमधनं काढलं. प्रकाशकाचा फोन आला, "ताई, सवताच्या पायावर धोंडा पाडून घेतलासा. लई माज बरा न्हवं." आणखी दोन प्रकाशकांना भेटले. दोघांनी आधी सरांचं नाव काढलं, मग हात जोडले. सर म्हणाले होते ते खरंच होतं, मला कोणीही ओळखत नव्हतं.

आबांना सगळं सांगितलं, खोटं बोलून कोल्हापूरला गेले तेपण. ते ऐकून घेतलं त्यांनी. मग सरांच्या पायाचं पान मागितलं. वाटलं, फाडणार. त्यांनी ते पत्र्याच्या डब्यात, बाकीच्या मापांच्या वर ठेवलं. "हितं असू दे. जोड न दिलेलं येवढं एकच माप हाय," म्हणाले.

गेल्या आठवड्यात मी ते डब्यातनं काढलं आणि गडहिंग्लजच्या एका छोट्या छापखान्यात गेले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं छापणारा माणूस. त्यानं गठ्ठा चाळला आणि विचारलं, "प्रती किती?" कोणाची प्रस्तावना, हे विचारलं नाही. मी ते एक्केचाळीसावं पान वेगळं काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं, रेघेची बाजू वर करून.

"ह्ये सगळ्यात पुढं घालायचं," मी म्हणलं. "हाय तसं. पायाची रेघ छापायची."

"काय हाय ह्ये, ताई?"

"प्रस्तावना."

त्यानं एकदा कागदाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "आणि नाव कुणाचं टाकू खाली?"

"नाव नको. ज्याचा पाय हाय त्यो वळखंल."

पुस्तक पुढच्या महिन्यात येतंय. विकलं जाईल न जाईल. स्टेज नाही, हार नाही, पाहुणे नाहीत. पहिल्या पानावर तो पाय असेल आणि त्याच पानाच्या पाठीवर आई, तिच्या पुऱ्या नावासकट. ह्यापुढं मी लिहिलेल्या कुठल्याही पानावर मी कुणाचा पाय ठेवून घेणार नाही. ज्याला माझ्या पुस्तकाबद्दल बोलायचंय, त्यानं आधी ते पान उलटायचं.